भागरथामायची सैल अवस

वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता, आणि आवळीघाटच्या गल्ल्यांत माणसांपेक्षा धागे जास्त होते. घरोघरी माग, मागाखाली खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर. कोंबडा आरवायच्या आधी धोट्याचा खटखटाट सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला थांबायचा. याला फार वर्षं झाली. किती झाली ते आता कुणालाच सांगता येत नाही. पण त्या काळी गावात भागरथा नावाची एक बाई होती, एवढं मात्र सगळे सांगतात.

भागरथा पांजणीची बाई. पांजण म्हणजे काय, ते लहानांना सांगायला हवं. नवं सूत मागावर चढवण्याआधी त्याला तांदळाची खळ पाजावी लागते, नाहीतर ते विणताना पिंजतं आणि तुटतं. त्यासाठी गल्लीच्या या टोकाला खुंट, त्या टोकाला खुंट, आणि मध्ये उभ्या धाग्यांचा सगळा ताणा पसरायचा. ऊन चढायच्या आत त्याला खळ लावायची आणि मोठा कुंचा फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. वाटेत धागा तुटला तर बोटांनी वळून तो असा जोडायचा, की जोड हाताला लागू नये.

भागरथाचा नवरा तरुणपणीच पुरात गेला. मूल नव्हतं. गल्लीतले धागे हाच तिचा संसार झाला. म्हातारपणी तिच्या डोळ्यांत फुलं पडली आणि उजेड गेला, तरी कुंचा सुटला नाही. ताण्यावरून ती नुसता तळहात फिरवायची आणि सांगायची, "हा धागा रडून राह्यला. शेजारचा आळशी झाला, त्याचं ओझं याच्या गळ्यात." आणि पाहावं तर तसंच असायचं. धागा तुटायच्या आधी तिच्या बोटाला कळायचं, असं म्हणतात.

आता जिला धाग्याची ओढ कळते, तिला माणसाच्या पाठीची का कळणार नाही? मागावरून उठलेला विणकर लगेच सरळ उभा राहत नाही. आधी खांबाला धरतो, मग कमरेला धरतो, मग देवाचं नाव घेतो. अशी माणसं कामं आटोपली की भागरथाच्या ओसरीवर यायची. म्हातारी, आंधळी, तिला बाई काय आणि पुरुष काय. ती मोहाच्या बियांचं तेल कोमट करायची, तळहातावर घ्यायची आणि हात पाठीवर नुसता टेकवून बसायची. चोळायची नाही, दाबायची नाही. माणसाचा श्वास तिच्या हाताखाली आला, की मग विचारायची, "कुठं ओढते?"

कुठं दुखते, असं ती कधी विचारत नसे. म्हणायची, "दुखणं कुठंही बोंबलते. ओढ एकाच जागी असते."

तिचा एक नेम होता. ओसरीवरची पाठ ओसरीवरच राहायची. कुणाचा खांदा उतरला, कुणाची बरगडी फुगली, कुणाचा मणका सरकला, यातलं अक्षरही तिच्या तोंडून कधी गल्लीत आलं नाही. त्यामुळे गाव तिच्यापुढं निःशंक अंगरखा काढायचं आणि तिला भागरथामाय म्हणायचं.

त्याच गल्लीत डोमाजी विणकर राहायचा. त्याची एकुलती एक पोर पुनी. पुनवेला जन्मली म्हणून पुनी. चांगली हसरी, चपळ पोर. पण अंगानं वाढू लागली, तसा तिचा कणा एका बाजूला झुकू लागला. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एक खांदा वर गेला. मग डाव्या बाजूला कमरेशी खोबण पडली, आणि उजवीकडं पाठीचं पातं असं पुढं आलं, की चोळीखाली मूठ ठेवल्यासारखं दिसायचं.

घाटावरच्या बायका काय, बोलायला मोकळ्या. "पुने, घागर कमरेवर घेतली का कमर घागरीवर?" पुनी हसायची. घरी येऊन घागर ठेवायची आणि मागाच्या खड्ड्यात उतरून बसायची, कारण तिथं बसलं की अर्धं अंग दिसत नाही.

माग हाच तिचा जीव होता. आणि त्या वर्षी तर तिला मोठा मान मिळायचा होता. गावाबाहेर आवळीच्या झाडाखाली विणकरांच्या देवीची, सुतामायची शिळा आहे. दर वर्षी पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी एका घराच्या मागावर सुतामायचं लुगडं चढायचं, आणि पहिला धोटा त्या घरची लेक मारायची. त्या वर्षीची पाळी डोमाजीच्या घराची होती. पुनी बोलायला लागली तेव्हापासून या दिवसाची वाट पाहत होती.

पण एक रीत होती. लेक मागावर बसली, की विणकरांचा म्होरक्या तिच्या मानेपासून कमरेपर्यंत ओळंब्यासारखा एक धागा सोडायचा. सरळ पाठीचं सरळ कापड, असं म्हणायचे. एरवी ही नुसती रीत. धागा सोडायचा, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. धाग्याकडं बघतो कोण?

त्या वर्षी बघायचं ठरलं. म्होरक्या होता बकाराम. माणूस वाईट नव्हता, पण देवीच्या कामात घाबरट. उन्हाळा संपत आला तेव्हा तो डोमाजीच्या दारात आला आणि उभ्यानंच बोलला.

"डोमा, तुझी पोट्टी धाग्याले नाई बसत गा. कापड वाकडं गेलं तर सुतामाय गावाले सोडन का? धागा सरळ उतरला तर मान तुझा. नाई उतरला तर पाळी पुढच्या घरी."

"बकारामभाऊ, पोरीनं काय केलं?"

"तिनं काई नाई केलं. म्या तरी काय केलं?" असं म्हणून बकाराम खाली मान घालून निघून गेला.

आतून पुनीनं सगळं ऐकलं. रडली नाही. दुसऱ्या दिवशी बापाला म्हणाली, "बाबा, सूत वाकडं झालं तर तुम्ही काय करता?"

"ताणतो."

"मग मले ताणा ना."

डोमाजी म्हणाला, "यडी का काय तू?" पण बोल कानात राहिला. हातमागाच्या माणसाला दुसरं काय सुचणार? आयुष्यभर त्यानं एकच पाहिलं होतं, की जे वाकडं आहे ते दोन खुंटांमध्ये ओढलं की सरळ होतं. पोर रोज म्हणायची, बाप रोज नाही म्हणायचा. आणि एका दुपारी, पुनीची आई नदीवर गेली असताना, गल्ली उन्हानं ओस पडली असताना, तो हो म्हणाला.

त्यानं तिच्या मनगटांना आणि घोट्यांना जुन्या मऊ लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, दोर रुतू नये म्हणून. सावलीच्या बाजूला गोधडी अंथरली. हात एका खुंटाला, पाय दुसऱ्या खुंटाला, आणि दोराला पीळ देत गेला. "दुखलं तर सांग व माय," तो म्हणत होता. पोर दात चावून म्हणत होती, "अजून." इतक्या मायेनं कुणी कधी इतकं चुकलं नसेल.

त्याच वेळी भागरथा घराबाहेर पडली. भिंतीला धरून चालता चालता तिच्या हाताला खुंट लागला, खुंटाला ताठ दोर लागला. ती थबकली.

"कोण रे हा? भर उन्हात ताणा लावते का कोणी? सूत वाळून मरन ना!"

भागरथा दोरावर तळहात ठेवून पुढं सरकू लागली, रोजच्यासारखी, धाग्यांची वाट पाहत. दोर थरथरत होता. सुताचा दोर असा थरथरत नाही, हे तिला कळत होतं, पण काय आहे ते उमगत नव्हतं. हात पुढं गेला आणि त्याच्याखाली धाग्याऐवजी एक लहानसं पाऊल आलं.

पुढं काय झालं, ते प्रत्येक घर वेगळं सांगतं. कुणी सांगतं, तिनं खुंट उपटून फेकला. कुणी सांगतं, तिनं दोरावर नुसता हात दाबला आणि दोराचा पीळ आपोआप उलटा फिरला. पण एक गोष्ट सगळेच सांगतात. तो दोर सैल पडला, त्या क्षणी गावातल्या एकूण एक मागावरचा ताणा सैल पडला. धोटे मध्येच अडकले. खटखटाट थांबला. आवळीघाटात भर दिवसा इतकी शांतता कधी झाली नव्हती. विणकर घाबरून बाहेर आले, आणि त्यांनी पाहिलं, की गल्लीत गोधडीवर पुनी पडली आहे, ओठ निळे, श्वास तुटक, आणि भागरथामायनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आहे.

डोमाजी भिंतीवर कपाळ आपटू लागला. "मले वाटलं सरळ होईन. सुताले तर होते, माय!"

"सुताले श्वास नसते, डोमा," ती हळूच म्हणाली. "हिले आहे. उचल तिले. माह्या ओसरीवर आण."

तिनं पोरीला कुशीवर निजवलं. फुगलेली बाजू खाली, आणि तिच्याखाली जुन्या लुगड्याची मऊ गुंडाळी. तेल कोमट केलं. हात टेकवला आणि वाट पाहत बसली. बऱ्याच वेळानं श्वास हाताखाली आला.

"कुठं ओढते, बाई?"

"कुठं नाई," पुनी म्हणाली.

भागरथानं हात उचलला नाही. तसाच ठेवला. दिवस कलला, गाई परतल्या. मग पोरीच्या अंगाला हुंदका आला आणि ती म्हणाली, "डावीकडं. आतमधी. लय दिवसांपासून."

दुसऱ्या दिवसापासून पुनी रोज ओसरीवर येऊ लागली. भागरथा कण्यावर कधीच जोर द्यायची नाही. म्हणायची, "हाडाले काय बोलायचं? ते बिचारं जिकडं ओढलं तिकडं गेलं." डाव्या खोबणीत मांस आखडून गाठीगाठींचं झालं होतं. तिथं ती अंगठा ठेवायची आणि गाठ विरघळेपर्यंत थांबायची, मग तळहातानं लांब, संथ ओढ द्यायची, कुंचा फिरवावा तशी. उजवीकडचं मांस ताणून ताणून पातळ झालं होतं. तिथं नुसता गरम हात, वरून खाली, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. दोन्हीकडं सारखा जोर नाही. "जो दमला त्याले थोपटावं, जो आखडला त्याले समजवावं," असं ती म्हणायची. शेवटी बरगड्यांच्या मधून बोटांची टोकं फिरवायची आणि म्हणायची, "आता इथं श्वास भर. या बुडालेल्या बाजूत. डोहात पाणी भरते तसा, हळूहळू."

एकदा तेल चोळताना पुनी हसून म्हणाली, "मायबाई, मी का बैल आहो? पोळ्याले बैलाचे खांदे शेकते तशी शेकून राह्यली तू मले."

"बैलच तू. एकाच खांद्यावर जू ओढणारा. आन् बैलाले वर्षातून एकदा तरी कोणी पुसते. माणसाले कोण पुसते?"

डोमाजी ओसरीच्या कडेला बसून असायचा. एक दिवस त्यानं विचारलंच. "माय, पोळ्यापर्यंत सरळ होईन ना?"

"नाई."

तो उभा राहिला. "नाई? मग हे तेल, हे रोजचं?"

"वाक आहे तो राहीन, डोमा. जरासा उणा झाला तर सुतामायची दया. माह्या हातात ते नाई. ओढ कमी करणं माह्या हातात आहे. श्वास मोकळा करणं आहे."

"मले ओढ नाई पाहिजे, मले पोरीचा मान पाहिजे!" डोमाजी ओरडला. "चाल पुने, घरी चाल."

पुनी पालथी पडली होती. तिनं डोकं वर केलं नाही. "बाबा," ती म्हणाली, "मायचा हात असते तेव्हा मले पाठ आहे हेच मी विसरते. मले राहू द्या ना."

डोमाजी पुन्हा बसला. त्यानंतर त्यानं तो प्रश्न विचारला नाही. उलट एके दिवशी भागरथानं त्याचा हात धरून पोरीच्या पाठीवर ठेवला आणि त्याला शिकवलं, कुठं थांबायचं, कुठं थोपटायचं. ज्या हातानं दोर पिळला होता, तो हात पहिल्यांदा इतका हलकेच टेकला, की पुनीच म्हणाली, "बाबा, गुदगुल्या होते."

पावसाळ्यात पुनी पुन्हा मागावर बसू लागली. भागरथानं तिला डाव्या कुल्ह्याखाली गोधडीची एक घडी ठेवायला सांगितली. तशी बसली की तिला धाप लागत नसे. मध्येच थांबायची, बुडालेल्या बाजूत श्वास भरायची, पुन्हा धोटा मारायची. पाठ वाकडीच होती. पण पोर आता घाटावर ताठ मानेनं जायची, आणि कुणी घागरीवरून बोललं तर म्हणायची, "कमर माही, घागर माही, तुले कायचा भार व?"

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सारं गाव डोमाजीच्या अंगणात जमलं. देवीचं सूत मागावर चढलं होतं. पुनी हळदीच्या लुगड्यात येऊन घडीवर बसली. बकाराम धागा घेऊन पुढं आला. त्याच्या टोकाला शिशाचा मणी होता. डोमाजीनं डोळे मिटून घेतले. पुनीनं मात्र उघडे ठेवले आणि मागाकडं पाहत राहिली, कारण उद्या त्यावरचं देवीचं सूत पुढच्या घरी जाणार होतं.

बकारामनं धागा मानेशी धरला. मणी खाली सुटला. मान इथं, कमर तिथं. गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "अगा बाई, लय आहे."

तेव्हा काठी टेकत भागरथामाय पुढं आली.

"बकारामा, धागा सरळ धरला का?"

"धरला, माय."

"मग धरून ठेव. आज सगळ्यांच्याच पाठीले लावू. देवीचं कापड इथं सगळेच विणतात ना? कोणापासून सुरू करू? मले दिसत नाई, पण हाताले सगळं पाठ आहे. तू सांग, कोणाले पुढं बोलावू?"

ज्याचा उजवा खांदा धोटा मारून मारून उतरला होता, तो जमिनीकडं पाहू लागला. जिच्या कुशीत बाळंतपणापासून गाठ होती, तिनं पदर ओढून घेतला. भागरथानं कुणाचं नाव घेतलं नाही. घेणारही नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि सगळ्यांत जास्त ठाऊक होतं बकारामला. कारण त्याची स्वतःची पाठ अशी होती, की अंगरख्याखाली तो एका बाजूला कापडाची चुंबळ बांधायचा. गावात कुणाला ठाऊक नव्हतं. भागरथाला त्याच्या तरुणपणापासून ठाऊक होतं.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचे पांढरे डोळे कुठंच पाहत नव्हते. त्यानं धागा हळूच बोटाभोवती गुंडाळला.

"गुंतला गा," तो म्हणाला. "धागा गुंतला. राहू द्या यंदा."

मग तो वाकला आणि धाग्याच्या जागी त्यानं आपला तळहात पोरीच्या पाठीवर टेकवला. जे आयुष्यभर ओसरीवर ऐकलं होतं, तेच तोंडून आलं. "कुठं ओढते, बाई?"

"आज कुठं नाई, काका," पुनी म्हणाली, आणि तिनं पहिला धोटा मारला.

असं म्हणतात, की त्या वेळी गावातले सगळे माग आपोआप चालू लागले आणि त्यांचा ठोका पुनीच्या श्वासाबरोबर पडत होता. ते खरं की खोटं, कोण जाणे. पण लुगड्याची गोष्ट सगळे शपथेवर सांगतात. सुतामायची शिळा मुळातच एका अंगाला कललेली आहे. कितीही सरळ लुगडं आणलं, तरी ते तिच्या अंगावर ओढून, खोचून बसवावं लागायचं आणि एकीकडं चुण्या पडायच्या. पुनीचं लुगडं शिळेवर नुसतं ठेवलं, आणि ते मायेनं अंगभर बसलं. एक चुणी नाही. तेव्हा कुठं माणसांनी देवीकडं नीट पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या पूजा करून ती कललेली आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

भागरथामाय पुढं पुष्कळ जगली. एका अवसेच्या दुपारी, पुनीच्या पाठीवर हात ठेवूनच ती गेली. पुनी सांगायची, की हात इतका गरम होता, की माय गेली हे मला कितीतरी वेळ कळलंच नाही. त्या दिवशी गावातले सगळे ताणे पुन्हा एकदा आपोआप सैल पडले, असं म्हणतात. नंतर तेलाची वाटी पुनीनं उचलली. ती म्हातारी झाली, नातवंडांची झाली. कणा शेवटपर्यंत वाकडाच होता. थंडीत ओढायचा. तेव्हा डोमाजी होता तोवर डोमाजी, आणि नंतर लेकी-सुना तिच्या पाठीशी बसायच्या.

आता आवळीघाटात माग थोडे उरले आहेत. पण दर अवसेला तिथला विणकर काम करत नाही. सकाळी उठून आपल्या हातानं ताणा सैल करतो. तिला सैल अवस म्हणतात. त्या दिवशी घरोघरी मोहाच्या बियांचं तेल कोमट होतं. सासू सुनेच्या पाठीला लावते, सून सासूच्या, भांडलेले भाऊ एकमेकांच्या. पोळ्याची अवस सगळ्यांत मोठी. आजूबाजूची गावं बैलांचे खांदे शेकतात, आवळीघाट माणसांचे. ज्यांची पाठ वाकडी, ती लेकरं दूरदूरच्या गावांहून त्या दिवशी भागरथामायच्या ओसरीवर आणतात. ती सरळ होतील असं तिथं कुणी सांगत नाही. कुशीवर निजवतात, गुंडाळी देतात, हात टेकवतात आणि थांबतात.

आणि विचारतात, "कुठं ओढते?"

लेकरू म्हणतं, "कुठं नाई." तरी हात उचलत नाहीत. पहिल्यांदा सगळे तसंच म्हणतात, हे भागरथामायनं गावाला सांगून ठेवलं आहे.